नऊ बाय सोळाची टेरेस: आधी पाणी, मग खुर्ची, मग झाडं

ताई, तुमचा प्रश्न सगळ्यांसाठी थोडक्यात पुन्हा मांडते. ठाण्यात घोडबंदर रोडला वाघबीळजवळ चौथ्या मजल्यावर तुम्ही टेरेस फ्लॅट घेतलाय. टेरेस नऊ फूट रुंद, सोळा फूट लांब, वर उघडी. पूर्वेला तुमचंच घर आणि हॉलचं दार, उत्तरेला शेजारच्या फ्लॅटची आडभिंत, पश्चिमेला आणि दक्षिणेला साडेतीन फुटांचा कठडा. पश्चिमेला येऊरचे डोंगर दिसतात, नैर्ऋत्येला नवा टॉवर उभा राहतोय. पाणी जायची जाळी नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात. सासूबाईंना पूजेला फुलं हवीत, यजमानांना लॉन, पाच वर्षांच्या लेकीला झोपाळा. बजेट साठ हजार. तुम्ही काढलेल्या नकाशात चौतीस कुंड्या आहेत, जाळीच्या कोपऱ्यात मोठ्या ड्रममध्ये सोनचाफा आहे, आणि खाली प्रश्न आहे, 'अजून काय काय लावता येईल?'

नकाशात खुर्ची कुठेच नाही, हे मला सगळ्यात आधी दिसलं.

पंचवीस वर्षं मी ठाण्यात आणि खाडीपलीकडे नव्या मुंबईत छोट्या बागा करते. फसलेल्या बहुतेक बागांची कहाणी सारखीच असते. पहिल्या वर्षी चार कुंड्या, दुसऱ्या वर्षी बारा, तिसऱ्या वर्षी दारातून पाऊल टाकायला जागा नाही, आणि चौथ्या वर्षी कामवाल्या मावशी सोडून तिथे कुणी जात नाही. म्हणून मी 'काय लावू' या प्रश्नाचं उत्तर शेवटी देते. आधी पाणी कसं येतं आणि जातं ते बघायचं, मग माणूस कुठे बसणार ते ठरवायचं, उरेल त्या जागेत झाडं. आपल्याकडे हा क्रम उलटा केला की पहिल्याच जुलैत कळतं.

पाण्याचा हिशेब करू. तुमची टेरेस १४४ चौरस फूट, म्हणजे साधारण साडेतेरा चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. एका दिवसात शंभर मिलिमीटर पडणं ही आपल्याकडे बातमीसुद्धा नाही. तेवढ्या पावसात तुमच्या टेरेसवर साडेतेराशे लिटर पाणी उतरतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर नोंदला गेला. तसा दिवस तुमच्या टेरेसवर आला तर साडेबारा हजार लिटर, म्हणजे एक मोठा टँकर. शिवाय पाऊस येतो नैर्ऋत्येकडून, वाऱ्याबरोबर तिरका. वरच्या मजल्यांच्या भिंतींवर आपटून ओघळणारं पाणीही तुमच्याच टेरेसवर येणार. आणि हे सगळं जाणार कुठून, तर त्या एका चार इंची पाइपातून, ज्याच्या तोंडावर तुम्ही सोनचाफ्याचा ड्रम ठेवलाय.

जाळी तुंबायला काही मोठं कारण लागत नाही. नेरूळला एका घरी वेफरची रिकामी पिशवी वाऱ्याने उडून आली आणि जाळीवर चिकटून बसली. घरचे लोक गावाला गेलेले. परत आले तेव्हा हॉलमधला लाकडी फ्लोअर होडीसारखा फुगला होता. चार इंच पाणी साचलं की ते उंबरठा ओलांडतं, आणि मुसळधार सरीत चार इंच साचायला फार वेळ लागत नाही.

तर कोपऱ्यातली ती तीन बाय तीन फुटांची जागा कायमची मोकळी. तिथे कुंडी नाही, स्टँड नाही, चपलांचा रॅकसुद्धा नाही. सपाट जाळी काढून घुमटासारखी उंच जाळी बसवा, पानं तिच्या अंगाला चिकटली तरी वरून पाणी जात राहतं. आणि जमलं तर कठड्यातून, टेरेसच्या पातळीपासून दोनेक इंच वर, एक जादा नळी बाहेर काढून घ्या. मुख्य जाळी तुंबली तर पाणी घरात न शिरता बाहेर पडेल. ही नळी इमारतीच्या बाहेरच्या बाजूला दिसते, म्हणून सोसायटीला आधी विचारा, आणि पाणी खालच्यांच्या खिडकीवर पडणार नाही असं तिचं तोंड ठेवा.

याच्याही आधी एक परीक्षा घ्यायची आहे. जाळीचं तोंड नीट बंद करा, टेरेसवर दोन इंच पाणी भरा आणि अठ्ठेचाळीस तास तसंच ठेवा. खालच्या फ्लॅटवाल्यांना आधी सांगून ठेवा. रोज एकदा जाऊन त्यांचं छत बघून या, कोपरे आणि पंख्याच्या हुकाभोवती जास्त. ओल आली तर बाग थांबवा आणि बिल्डरच्या मागे लागा. नवीन इमारत आहे, दुरुस्तीची जबाबदारी अजून त्याच्याकडे आहे. वर बाग झाल्यावर गळती सापडली, तर तो तुमच्या कुंड्यांकडे बोट दाखवणार हे लिहून ठेवा. याच वेळी ढाळही कळतो. पाणी सोडल्यावर कुठे डबकं उरतं तिथे खडूने रेघ मारा. सोळा फुटांत जाळीकडे निदान दोन इंचांचा ढाळ हवा. डबकं मोठं असेल तर कोबा, म्हणजे स्लॅबवरचा पाणी अडवणारा थर, नव्याने करून घेण्याला पर्याय नाही. जमिनीत खिळा, बोल्ट, ड्रिल काहीही नको. आपल्याकडच्या बहुतेक गच्च्यांना ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबाच असतो, त्याला एक भोक पडलं की पाणी आतल्या आत फिरतं आणि भलत्याच ठिकाणी खाली उतरतं.

आता वजन. या बाबतीत मी स्वतः सपशेल तोंडावर पडले आहे. धंद्यात नवी असताना नौपाड्यातल्या आमच्याच गच्चीवर मी विटांचा वाफा बांधला, दहा फूट लांब, दोन फूट रुंद, सव्वा फूट खोल, आणि लाल मातीने भरला. दिसायला फार देखणा. तिसऱ्या पावसाळ्यात खालच्या काकूंच्या देवघरात छताला ओल आली. काकू काही बोलल्या नाहीत, फक्त देवांवर छत्री धरल्यासारखं प्लॅस्टिक लावलं. ते बघून मला जे वाटलं ते अजून आठवतं. पन्नास गोणी माती जिन्याने खाली उतरवली. तेव्हा मोजलं ते आधी मोजायला हवं होतं: एक घनफूट ओली माती साधारण पन्नास किलो भरते.

इमारतीचे आराखडे करताना इंजिनिअर जे भारतीय मानक वापरतात, आयएस ८७५ चा दुसरा भाग, त्यात बाल्कनीसाठी चौरस मीटरला साधारण ३०० किलो आणि जाण्यायेण्याच्या गच्चीसाठी साधारण १५० किलो भार धरलेला असतो. तुमची टेरेस यातल्या कशात मोजलीय ते सोसायटीकडून स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून घ्या. तोवर कमीतला आकडा धरा. १५० किलो म्हणजे चौरस फुटाला चौदा किलो, आणि पूर्ण टेरेसला मिळून दोन टन. त्यात माणसं आली, बाक आला, वाढदिवसाला आलेली पंधरा पोरं आली.

यजमानांच्या लॉनचा निकाल इथेच लागतो. लॉनला कमीत कमी चार इंच माती लागते. ओली झाली की चौरस फुटाला सतरा किलो. परवानगी चौदाची. हलकं मिश्रण वापरून वजन खाली आणता येईल, पण मग दुसरी अडचण. तुमच्याकडे सकाळचं ऊन नाही, हिवाळ्यात टॉवर उरलेलं ऊनही खाणार, आणि पावसाळ्यात चार महिने त्यावर पाणी उभं राहणार. हिरवळीच्या जागी शेवाळ येईल. मग नकली गवत घालू का, असा पुढचा प्रश्न येतोच. नका घालू. एप्रिल-मेच्या दुपारी ते अनवाणी पायाला चटका देतं, पावसात खाली ओल धरतं, कुबट वास मारतं, आणि जाळीकडे जाणारं पाणी अडवतं. यजमानांना हिरव्यावर पाय ठेवायचे असतील तर उपवन तलावाकडे फिरायला न्या, संध्याकाळ चांगली जाते.

लेकीचा झोपाळा. वर छत नाही, म्हणजे कड्या लावायला जागा नाही. स्टँडवरचा टोपलीसारखा झुला चार बाय चार फूट जागा खातो, वाऱ्याला हलतो, आणि नऊ फुटांच्या टेरेसवर कठड्याच्या फार जवळ येतो. माझा सल्ला, झोपाळा हॉलमध्ये दाराच्या आत टांगा, तोंड बागेकडे. पावसात दार उघडं ठेवून झोपाळ्यावर बसायचं आणि समोर पाऊस बघायचा. माझ्या तीन-चार ग्राहकांनी असं केलंय, आणि त्यांच्या टेरेसपेक्षा तो झोपाळाच जास्त वापरला जातो.

लेक पाच वर्षांची आहे म्हणून एक गोष्ट जरा जोर देऊन सांगते. तुमच्या नकाशात कठड्याला लागून ओळीने दोन फूट उंच कुंड्या आहेत. साडेतीन फुटांच्या कठड्यातून दोन फूट वजा केले की उरला दीड फूट. म्हणजे तुम्ही पाच वर्षांच्या मुलीला चौथ्या मजल्यावर पायरी करून देताय. बाक कठड्याला लावला तरी तेच. म्हणून पश्चिम आणि दक्षिण दोन्ही कठड्यांवर आतल्या बाजूने आणखी दोन फूट उंच जाळीची चौकट घ्या, गॅल्व्हनाइज्ड लोखंडाची, उभ्या सळ्यांची. आडव्या सळ्या नकोत, मुलं त्यांची शिडी करतात. बोल्ट कठड्याच्या आतल्या अंगाला, जमिनीपासून फूटभर तरी वर. साधारण तिथपर्यंत वॉटरप्रूफिंग वर वळवलेलं असतं, त्याला हात लावायचा नाही. याच चौकटीवर वेल चढतील. पत्रा किंवा बंद फळ्या लावू नका, वारा अडला की सगळा धक्का बोल्टवर येतो. आणि कठड्यावर बाहेरच्या बाजूला एकही कुंडी लटकवायची नाही. खालून माणसं जातात.

वरून पत्रा किंवा फायबर टाकून टेरेस झाकायचा विचार कुणी सुचवला तर तो ऐकून सोडून द्या. परवानगीशिवाय ते अनधिकृत बांधकाम ठरतं. आणि टेरेसचं मोल ती उघडी आहे यातच आहे.

आता खुर्ची. उत्तरेची आडभिंत पूर्ण उंचीची आहे, पाठीला आधार आहे, समोर टेरेसची सोळा फुटांची लांबी दिसते, उजवीकडे डोंगर. बसायची जागा तीच. भिंतीला लावून पाच फूट लांब, दीड फूट खोल, साधारण सोळा-सतरा इंच उंच बाक. खाली चाकांवरचे दोन खोके, त्यात खुरपं, खताची पिशवी, नळीचं वेटोळं. वर बसायला सागाच्या पट्ट्या चालतील, दरवर्षी मे महिन्यात तेल लावायची तयारी असेल तर. नसेल तर डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेल्या) पट्ट्या घ्या आणि विसरा. कडप्प्याचा बाक दिसतो छान, पण वजन खातो आणि दुपारभर तापलेला असतो. बाकाच्या समोर सहा बाय सात फूट जमीन पूर्ण रिकामी. इथे सासूबाई खुर्ची टाकतील, लेक खडूने चित्रं काढेल, दिवाळीत रांगोळी होईल. हॉलच्या दारापासून या रिकाम्या जागेपर्यंत आणि तिथून जाळीपर्यंत अडीच फुटांची वाट. मावशींना बादली घेऊन अंग चोरावं लागलं की ती बाजू झाडली जात नाही, आणि मग तीच पानं जाळीवर जातात.

एवढं केल्यावर झाडांना काय उरलं? पश्चिमेच्या कठड्यालगत दीड फुटांची पट्टी, जाळीचा कोपरा सोडून. दक्षिणेला तशीच, फक्त लहान. आणि घराच्या भिंतीला दाराच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा. चौतीस कुंड्या बसणार नाहीत. चौदा-पंधरा बसतील, पण मोठ्या. हे माझं ठाम मत आहे: छोट्या जागेत कुंड्या थोड्या आणि मोठ्या असाव्यात. सहा इंची वीस कुंड्या मेमध्ये दिवसातून दोनदा पाणी मागतात, दोन दिवस गावाला गेलात की करपतात, आणि नजरेला नुसता पसारा वाटतो. चौदा इंची कुंडीत पंचवीस लिटरच्या आसपास जागा असते, तिच्यातलं झाड एखादा दिवस पाण्यावाचून काढतं.

भरायला नुसती लाल माती नको, वजनासाठीही आणि निचऱ्यासाठीही. मी टेरेसवर दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक भाग भाताचं तूस वापरते. वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, त्यात मीठ असतं. काही लोक नुसत्या कोकोपीटवर भर देतात. कोरड्या हवेच्या गावांत ते ठीक असेल. आपल्या जुलैत ते ओल्या स्पंजासारखं राहतं आणि मुळं कुजतात. तूस घालायचं ते त्यासाठी. हे मिश्रण भिजल्यावर मातीच्या साधारण निम्म्या वजनाचं होतं. चौदा इंची कुंडी पंचवीस-अठ्ठावीस किलोत बसते, लाल मातीची असती तर पंचेचाळीस-पन्नास. कुंडीखाली विटेचे तुकडे किंवा स्टँड, म्हणजे पाणी खालून वाहत जाईल. ताटल्या ठेवूच नका. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत उडायला लागतो. कुंड्या प्लॅस्टिकच्या घ्या, जाड. मातीच्या सुंदर असतात, पण जड, आणि तुमच्या वाऱ्यात एक तरी आपटणार.

ऊन कसं येतं ते समजून घेतलंत तर झाडं आपोआप ठरतात. सकाळचं ऊन घर अडवतं. तुमच्याकडे सूर्य साधारण साडेबारा-एकनंतर येतो. मेच्या मध्यात दुपारी तो बरोबर डोक्यावर असतो, आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीला तो किंचित उत्तरेकडे असतो. मावळतानाही पश्चिमेच्या बरंच उत्तरेला, जूनमध्ये साधारण पंचवीस अंश. म्हणजे उन्हाळ्यात तुमची सगळी टेरेस दुपारी एक ते संध्याकाळी सातपर्यंत भाजून निघते. डिसेंबरात उलट. माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला खाली, साधारण सत्तेचाळीस अंशांवर, आणि मावळतो पश्चिमेच्या पंचवीस अंश दक्षिणेला, नेमका तुमच्या नव्या टॉवरच्या मागे. टॉवर पूर्ण झाला की हिवाळ्यात तीननंतर दक्षिणेकडची बाजू सावलीत जाईल. नर्सरीवाला विचारतो, 'ऊन आहे का?' याला तुमचं खरं उत्तर आहे: उन्हाळ्यात फार, हिवाळ्यात अर्धं, सकाळी कधीच नाही.

म्हणून पश्चिमेच्या पट्टीत काटक मंडळी. तगर हवीच, पांढरी फुलं जवळजवळ बारा महिने आणि तक्रार नाही. दोन कुंड्या शेजारी लावा, सासूबाईंची रोजची परडी त्यावर चालेल. मोगऱ्याला हे दुपारचं ऊन मानवतं. फेब्रुवारीत छाटून शेणखत घाला, मार्चपासून कळ्या. जास्वंद एकच, लाल, गणपतीसाठी. तिच्यावर पिठ्या ढेकूण हमखास येतो. पांढरा कापूस दिसला की त्याच दिवशी जोरात पाण्याचा फवारा, मग निंबोळी तेल आणि थोडा साबण. दोन आठवडे दुर्लक्ष केलंत तर तगरीवरही जाईल. आणि तुमच्या बाजूला येऊरची माकडं उतरतात. जास्वंदीच्या कळ्या त्यांना फार आवडतात. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. फुलं पहाटे खुडून घ्या, एवढंच. टोमॅटो लावूच नका.

मधुकामिनी दोन, पश्चिम आणि दक्षिण पट्ट्यांच्या मधल्या भागात, जाळीचा कोपरा सोडून. टॉवरमधल्या लोकांची नजर ती अडवेल आणि कापून हव्या त्या आकारात ठेवता येते. कठड्यावरच्या चौकटीवर गोकर्ण. बी पेरलं की दोन महिन्यांत निळी फुलं, आणि शेंगवर्गी असल्याने मातीचंही भलं करते. कृष्णकमळाचा मोह होईल, पण दोन वर्षांत ते चौकट, कुंड्या आणि शेजाऱ्यांचा एसी सगळं कवेत घेतं.

सोनचाफा. तुम्हाला तो फार हवा आहे, हे नकाशात त्याचं चित्र सगळ्यात मन लावून काढलंय त्यावरून कळतं. लावा, पण कलमी घ्या, बियाण्याचं रोप फुलायला वर्षानुवर्षं लावतं. जागा बदला: घराच्या भिंतीला, दाराच्या उत्तर बाजूला. तिथे नैर्ऋत्येच्या वाऱ्याचा थेट मार बसत नाही, कळ्या टिकतात, आणि भिंतीलगत वजनही स्लॅबच्या मध्यावर येत नाही. दोनशे लिटरचा ड्रम निम्म्यात कापा. शंभर लिटर हलकं मिश्रण म्हणजे शंभर किलोच्या आसपास. एवढा एकच जड ड्रम, दुसरा नाही.

दाराच्या दुसऱ्या बाजूला, भिंतीच्या आडोशाला, अळू आणि सोनटक्का. दोघांनाही ओल आवडते. सोनटक्का पावसाच्या शेवटी फुलतो, आणि संध्याकाळी हॉलभर वास येतो. हिवाळ्यात तो सुकल्यासारखा दिसतो तेव्हा उपटून टाकू नका, कंद जिवंत असतात.

दूर्वांसाठी उथळ ट्रे, चार इंच पुरे. तुळस दाराजवळ, पण ती उघड्यावर थेट मुसळधार पावसात चार महिने राहिली तर कुजते. जून ते सप्टेंबर तिला भिंतीलगत सरकवा. झेंडू स्वतःचा हवा असेल तर बी ऑगस्टच्या सुरुवातीला, घरात खिडकीत पेरा. पाऊस ओसरल्यावर रोपं बाहेर काढा, दसऱ्याच्या आसपास फुलं मिळतात.

भाजीबद्दल दोन शब्द. चौघांच्या घराला टेरेसवरून भाजी पुरेल हे स्वप्न मी कुणालाही विकत नाही. जांभळी नाक्याच्या बाजारात झटकन जी मेथीची जुडी मिळते तिला तुमच्या तीन कुंड्या आणि तीन आठवडे लागतात. स्वयंपाकात ऐन वेळी लागतं तेवढं लावा. कढीपत्ता, गवती चहा, पुदिना, दोन मिरच्या. गवती चहाच्या कडा कापतात, लेकीच्या वाटेत ठेवू नका.

पाणी. मेमध्ये चौदा इंची कुंडीला दिवसाला दोन लिटरच्या आसपास लागतं. पंधरा कुंड्यांना तीस लिटर, म्हणजे दोन बादल्या. हे हाताने जमतं. ठिबक बसवायचं असेल तर गावाला जाताना उपयोग होतो, पण टायमर जूनमध्ये बंद करायला विसरू नका. पावसात ठिबक चालू असलेली बाग मी दर वर्षी एक तरी बघते. टेरेसवर नळ नसेल तर बाकीचं काही करण्याआधी तो काढून घ्या. किचनमधून हॉलमार्गे बादल्या नेणारी बाग सहा महिन्यांत संपते.

साठ हजारांची वाटणी मी अशी करीन. जाळी, जादा नळी, नळ आणि दोन साधे पिवळसर दिवे यांना पंधरा. कठड्यावरची चौकट आणि बाक यांना पंचवीस. कुंड्या आणि मिश्रण दहा. झाडं पाच. उरलेले पाच हजार खर्च करू नका. पहिल्या वर्षी दोन-तीन झाडं मरतात, माझीही मरतात, आणि कुठलं झाड तिथे खूश आहे हे वर्षभरानंतरच कळतं. कोबा नव्याने करायला लागला तर तो खर्च यात नाही.

आणि घाई करू नका. पाण्याची परीक्षा या आठवड्यातच घ्या. चौकट आणि बाक मे संपायच्या आत. मधुकामिनी, तगर, सोनचाफा ही मोठी मंडळी पहिल्या दोन-चार सरी झाल्यावर. मोगरा, मिरच्या आणि बाकीचं नाजूक सगळं गणपती गेल्यावर. हा पावसाळा टेरेस अर्धी रिकामी राहील. राहू द्या. दाराशी उभं राहून बघा पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, वारा कुठल्या कोपऱ्यात कुंड्या पाडतो. ते कळल्यावर दोन-तीन कुंड्यांच्या जागा तुम्ही स्वतःच बदलाल.

राहता राहिली नर्सरीत बघून ठेवलेली ती बोगनवेल, फुलांनी लगडलेली, जी उद्याच आणायची म्हणताय. तिला तुमच्या पश्चिमेचं ऊन आवडेल. पण ती कोरड्या दिवसांत फुलते. आत्ता आणलीत तर जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सगळी फुलं गळतील, नुसती हिरवी काटेरी फांदी उरेल, आणि तुम्ही मला विचाराल की माझं काय चुकलं. काही चुकलेलं नसेल. ती जानेवारीत आणा, आणि काटे वाटेच्या विरुद्ध बाजूला वळवून बांधा.